ताटातली रिकामी जागा : मधुमेहाच्या आहारसल्ल्याची एक चिकित्सा

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीच्या बाजारातून फेरी मारली, की फराळाच्या दुकानांत मधुमेहींसाठी वेगळी फळी दिसते. नाचणीची बिस्किटे, ज्वारीची चकली, खजुराचे ‘बिनसाखरेचे’ लाडू, बहुधान्य चिवडा, भाजलेले खाकरे. नेहमीच्या फराळापेक्षा हा माल महाग असतो आणि तरी खपतो, कारण घरात एक तरी मधुमेही असतोच. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढांची उपाशीपोटीची रक्तशर्करा मधुमेहाच्या पातळीत आढळली होती. चार-पाच माणसांच्या घरात फराळाचा डबा उघडताना कोणाला तरी हात आखडता घ्यावा लागतो, तो त्यामुळे.

या फळीवरचा प्रत्येक पदार्थ काहीतरी ‘कमी’ असल्याचे सांगतो. काय कमी आणि कशापेक्षा कमी, हे मात्र पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक साखर नसेल, तर पदार्थाला ‘शुगर फ्री’ म्हणता येते. पण बिस्किटात साखर शून्य असली, तरी त्याचे दोन तृतीयांश वजन पिठातल्या पिष्टाचे असू शकते, आणि पिष्टाची पोटात साखरच होते. खजुराच्या लाडवात वरून साखर घातलेली नसते, हे खरे; पण खजुरात मुळात असते ती साखरच.

पदार्थांची ही गफलत नवी नाही आणि ती दुकानदारांनी एकट्याने केलेली नाही. तिच्यामागे एक मजकूर आहे : आहारावरची पुस्तके, व्याख्याने, वृत्तपत्रांतली सदरे, दवाखान्यात हाती मिळणारे छापील तक्ते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत हे लेखन एवढे वाढले आहे, की त्याचा एक वाङ्मयप्रकार म्हणून विचार व्हायला हवा. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : हे लेखन मधुमेहीला काय सोडायचे ते विस्ताराने सांगते, पण सोडलेल्याच्या जागी ताटात काय यायचे, ते कोण रांधणार आणि ते डब्यातून कसे जाणार, याबद्दल फार थोडे बोलते. त्यामुळे ताटातली ती जागा काही दिवस रिकामी राहते आणि मग जुन्याच पदार्थाने भरते. मी स्वतः बारा वर्षांपासून टाइप टू मधुमेहाचा रुग्ण आहे. तेव्हा हे परीक्षण तटस्थ वाचकाचे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

‘कमी’चे दोन अर्थ

मधुमेहात धान्य कमी करावे, ही कल्पना आजची नाही. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाला जव हे मुख्य अन्न म्हणून सांगितले आहे. १७९७ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने मांसप्रधान आहारावर ठेवलेल्या मधुमेही रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. १९२२ मध्ये टोरांटोत इन्शुलिनचा वापर सुरू होईपर्यंत पिष्ट तोडणे आणि उपाशी ठेवणे याखेरीज डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. इन्शुलिन आल्यावर ही सक्ती सैलावली, आणि गेल्या काही दशकांत ती ‘लो-कार्ब’ या नावाने परत आली.

नाव एकच असले, तरी त्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी वावरतात. वैद्यकीय संशोधनात दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी, किंवा एकूण ऊर्जेच्या २६ टक्क्यांपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहाराला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. अशा आहारावरच्या २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.५ टक्क्यांखाली आलेल्यांचे प्रमाण लो-कार्ब गटात ५७ टक्के आणि दुसऱ्या गटांत ३१ टक्के होते. हा आकडा आहारावरच्या मजकुरात हौसेने दिला जातो. त्याच आढाव्यात पुढे म्हटले आहे, की बारा महिन्यांपर्यंत हा फायदा ओसरत जातो. पहिल्या आकड्याइतकीच ही गोष्टही महत्त्वाची आहे, कारण आपल्याला आहार सहा महिन्यांसाठी नको असतो.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीतला आहारविषयक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एक लाख एकवीस हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीनुसार भारतीय माणसाची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. याच ‘इंडियाब’च्या माहितीवर आधारलेल्या २०२२ च्या एका अभ्यासाने गणिती पद्धतीने काढलेले उत्तर असे होते, की नव्याने मधुमेह झालेल्यांनी तो माघारी नेण्यासाठी कर्बोदके ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिने १९ ते २० टक्के ठेवावीत.

हे गणित ताटात मांडून पाहू. दिवसाला १८०० कॅलरी खाणाऱ्या माणसाचे ६२ टक्के म्हणजे सुमारे २८० ग्रॅम कर्बोदके. ५० टक्क्यांवर यायचे तर २२५ ग्रॅम. फरक ५५ ग्रॅमचा. तीस ग्रॅम पिठाच्या एका पोळीत वीसेक ग्रॅम कर्बोदके धरली, तर हा फरक दिवसाला अडीच-तीन पोळ्यांचा, किंवा एक वाटी भात आणि एका पोळीपेक्षा थोड्या कमीचा. परदेशी चाचण्यांतल्या १३० ग्रॅमवर यायचे, तर मात्र निम्म्याहून अधिक ताट बदलावे लागेल. पहिली गोष्ट अंधेरीतल्या कारकुनालाही जमण्यासारखी आहे. दुसरी फार थोड्यांना जमेल, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपल्याकडच्या मजकुरात दुसरीचे आकडे दाखवून पहिलीचा सल्ला दिला जातो, किंवा उलट; आणि वाचक समजतो की आपण लो-कार्ब करतो आहोत.

भाकरीचे काय करायचे?

मराठी आहारलेखनात भाकरीला एक नैतिक स्थान आहे. गहू परका आणि ज्वारी आपली, पोळी शहरी आणि भाकरी निरोगी, असा सूर त्यात सतत लागतो. ज्वारी-बाजरी-नाचणीत तंतुमय भाग जास्त आहे, नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, या गोष्टी खऱ्याच. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात कर्बोदके गव्हाच्या पिठाइतकीच, सत्तर ग्रॅमच्या आसपास असतात. भाकरी साठ-सत्तर ग्रॅम पिठाची होते. म्हणजे दोन पोळ्या सोडून एक भाकरी घेतली, तर पिष्टाचा हिशेब जिथल्या तिथे राहतो. आणि दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या घेतल्या, तर तो दुप्पट होतो. माझ्याकडून पहिल्या वर्षी हेच झाले. भाकरी खातो या समाधानात मी तीन महिने काढले आणि एचबीए१सी होती तिथून हलली नाही.

२०२५ च्या त्या अभ्यासाने याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. मैदा किंवा पांढऱ्या तांदळाच्या जागी अख्खा गहू किंवा भरडधान्य घेतल्याने मधुमेहाची शक्यता कमी झालेली दिसली नाही. कर्बोदकांतली पाच टक्के ऊर्जा कमी करून ती डाळी-कडधान्यांच्या किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांतून घेतली, तेव्हा मात्र ती कमी असल्याचे दिसले. हा पाहणीवर आधारलेला अभ्यास आहे. त्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. एका धान्याच्या जागी दुसरे धान्य आणण्यात आपण जी शक्ती खर्च करतो, ती धान्याच्या जागी डाळ आणण्यात खर्च करायला हवी. घाटकोपरच्या खाकऱ्याचेही तेच. तो भाजलेला असतो, त्यात तेल कमी असते, पण असतो गव्हाचाच.

प्रथिनांचा हा आग्रह आपल्या शरीराच्या घडणीशीही जुळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘लठ्ठ दिसत नाही, पण अंगात चरबी आहे’ अशा भारतीय देहाचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपला आणि ब्रिटनमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. स्नायू कमी आणि चरबी अधिक अशा देहाला नुसते ‘कमी खा’ सांगितले, तर वजन उतरताना हाडकुळेपणा वाढायचा आणि साखर मात्र पुरती आवरायची नाही, असे होऊ शकते.

दोन लोकप्रिय प्रवाह

महाराष्ट्रात गेल्या दशकात या विषयावर सर्वाधिक ऐकले गेलेले नाव डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर उभा राहिलेला त्यांचा सल्ला सोपा आहे : दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. खाल्ले की इन्शुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करा, हा त्यामागचा विचार. या सल्ल्याचे यश त्याच्या सोपेपणात आहे. त्याला वजनकाटा लागत नाही, महाग पूड लागत नाही, आणि तो फुकट मिळतो. मुंबईच्या उपनगरात दिवसभर चहा-बिस्किटे, संध्याकाळी वडापाव आणि रात्री दहाला जेवण अशा चक्रात अडकलेल्या हजारो माणसांना त्याने मधल्या खाण्याचे भान दिले, हे मान्य करायला हवे. त्याची मर्यादाही तिथेच आहे. ‘किती वेळा’ या प्रश्नावर भर आल्याने ‘काय’ हा प्रश्न मागे पडतो. दोन जेवणांत मिळून पाच पोळ्या आणि दोन वाट्या भात जात असेल, तर वेळा कमी होऊनही ताट तेच राहते.

दुसरा प्रवाह ऋजुता दिवेकर यांच्या लोकप्रिय लेखनाचा. परदेशी ‘डाएट’च्या भयातून त्यांनी आपल्या वाचकाला बाहेर काढले. तूप, भात, केळे, घरचा हंगामी पदार्थ यांना त्यांनी प्रतिष्ठा परत दिली. आजीच्या स्वयंपाकघराविषयीचा त्यांचा आदर सच्चा आहे आणि वाचकाला तो धीर देतो. पण आजी दिवसभर कांडत-दळत होती, विहिरीवरून पाणी आणत होती. तिची नात कांदिवलीहून अंधेरीला जाऊन आठ तास संगणकापुढे बसते. पदार्थ तोच राहिला, तरी तो जिरवणारे शरीर आणि दिवस बदलले आहेत. पिष्टाच्या प्रमाणाचा प्रश्न परंपरेच्या आदराने सुटत नाही.

याखेरीज ‘मधुमेहमुक्ती’ हा शब्द सगळीकडे झाला आहे, आणि त्याबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेली व्याख्या अशी : औषधे बंद केल्यावर किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ टक्क्यांखाली राहिली, तर तो आजार माघारलेला समजावा. इंग्रजीत त्यासाठी वापरतात तो शब्द आजार दबल्याचा आहे, गेल्याचा नव्हे. मराठीत आपण त्याचे ‘मुक्ती’ केले आणि त्याला मोक्षाची छटा आली. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या गाजलेल्या चाचणीत अत्यल्प उष्मांकांच्या आहारावर एका वर्षाने ४६ टक्के रुग्ण या स्थितीत होते, दोन वर्षांनी ३६ टक्के. वजन परत वाढले की मधुमेहही परतला. शिवाय सुरुवातीच्या काही महिन्यांतल्या त्या पातळ आहारातली निम्म्याहून अधिक ऊर्जा कर्बोदकांचीच होती. आजार मागे हटला तो मुख्यतः वजन घटल्याने. पिष्ट कमी करणे हा वजन आणि साखर उतरवण्याचा एक चांगला मार्ग आहे, एकमेव नाही. एवढे मान्य केले, तरी या लेखनातला अभिनिवेश बराच उतरेल.

डबा, उपवास आणि शिधा

आता ताट जिथे ठरते तिथे जाऊ. बदलापूर किंवा विरारकडून भरून आलेल्या लोकलमध्ये मुलुंड-बोरिवलीला चढणाऱ्या माणसाच्या पाठीवरच्या पिशवीत डबा असतो. त्या डब्यात पोळी आणि सुकी भाजी असते. आमटी नसते, कारण आमटी सांडते. घरी जेवताना पोळीबरोबर जी वाटीभर डाळ पोटात जाते, ती प्रवासात गळून पडते आणि तिची भरपाई चौथी पोळी करते. भाजी बटाट्याची असली, तर पिष्टाबरोबर पिष्ट. मी वाचलेल्या कोणत्याही आहारपुस्तकात सांडणाऱ्या आमटीचा विचार केलेला मला आढळला नाही. खरे तर उपाय मराठी स्वयंपाकघरात तयार आहेत. सुकी मटकीची उसळ, मोडाच्या मुगाची कोशिंबीर, घट्ट झुणका, परतलेले हरभरे, उकडलेली अंडी, कोरडे परतलेले पनीर : यांतले काहीच सांडत नाही. तीस ग्रॅम कोरड्या मुगाच्या उसळीत सात-आठ ग्रॅम प्रथिने आणि सोळा-सतरा ग्रॅम कर्बोदके मिळतात, शिवाय तंतुमय भाग. डब्यात पोळ्या दोन आणि उसळ दुप्पट, एवढा बदलही वर काढलेल्या ५५ ग्रॅमांतला मोठा हिस्सा उचलतो.

उपवासाचे गणित याहून वाकडे. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये पंच्याऐंशीच्या वर. त्याच्या खिचडीत बटाटा, शेजारी वऱ्याचे तांदूळ, नंतर रताळ्याचा कीस. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेहाला उद्देशून केलेली नसली, तरी त्याला चपखल लागू पडते. मधुमेहीने उपवास सोडावा असे सांगणे सोपे आहे, आणि ते कोणी ऐकत नाही. शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, पनीर, काकडी हे सगळे उपवासाला चालते. साबुदाणा अर्धी वाटी आणि दाण्यांची आमटी वाटीभर, असे म्हटले तर व्रतही राहते.

वेसाव्याच्या कोळीवाड्याजवळ किंवा बोरिवलीत मासळीबाजाराच्या आसपास राहणाऱ्याला तर शून्य कर्बोदकांचे अन्न दाराशी आहे. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम प्रथिने असतात. पण कालवणाबरोबर भात दोन घास जास्तच जातो, हे मासे खाणारा प्रत्येक जण जाणतो. श्रावण, सोमवार, गुरुवार वजा करून मासे किती दिवस येतात, हाही प्रश्न आहे. घाटकोपर-मुलुंडच्या जैन शेजाऱ्यांच्या घरात कांदा-बटाटा नसतो, सूर्यास्तानंतर जेवण नसते. या दोन्ही गोष्टी साखरेला उपकारकच. त्यांचा धोका ठेपला, फरसाण आणि मिठाईत आहे. एकाच छापील तक्त्याने या सगळ्या घरांत काम होईल, अशी अपेक्षा बाळगणेच चूक.

आणि पैसे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा योजनेत प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मोफत मिळते. प्रामुख्याने तांदूळ आणि गहू. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, साखर आणि चणाडाळ प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल होते. चार जिन्नसांतली डाळ एकच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा अधिक ऊर्जा घेऊ नये आणि डाळी, अंडी, मांस यांचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास असावा. आज तो ६ ते ९ टक्के आहे. भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीत राहणाऱ्या बाईला धान्य मोफत आणि डाळ बाजारभावाने मिळते. तिने ‘निवड’ करावी असे म्हणताना हा भावफरक आपण तिच्या इच्छाशक्तीवर टाकत असतो.

रांधणारी रुग्ण

या वाङ्मयातली सर्वांत मोठी उणीव मला इथे दिसते. त्यातला रुग्ण बहुधा पुरुष असतो आणि बाई येते ती स्वयंपाक करणारी म्हणून. ‘घरातल्या स्त्रीने लक्ष द्यावे’ अशा अर्थाची वाक्ये पानोपानी भेटतात. पण मधुमेह बायकांनाही होतो. पन्नाशीतली मधुमेही गृहिणी सकाळी सहाला उठून मुलाचा डबा, नवऱ्याची भाकरी, सासूबाईंची मऊ खिचडी असे तीन स्वयंपाक करते आणि स्वतः दीड वाजता, सगळ्यांचे झाल्यावर जेवते. तेव्हा पातेल्यात उसळ चमचाभर उरलेली असते. भात उरलेला असतो आणि कालची पोळी असते. अन्न टाकायचे नाही, हे तिच्या अंगी मुरलेले आहे. तिच्या ताटात पिष्ट जास्त का, याचे उत्तर तिच्या अज्ञानात नाही, वाढण्याच्या क्रमात आहे. तिला कॅलरीचा तक्ता देण्यापेक्षा तिच्या वाट्याची उसळ आधी वेगळी काढून ठेवावी, एवढे घरातल्यांना सांगणारा डॉक्टर अधिक काम करील.

माझ्या घरी हे उशिरा सुचले. मी मधुमेही, म्हणून माझ्यासाठी पनीर आणि अंडी वेगळी येत राहिली; पत्नीची साखर सीमारेषेवर असल्याचे चार वर्षांनी, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत कळले. तोवर माझ्या सोडलेल्या पोळ्या तीच संपवत होती.

न सांगितलेला धोका

शेवटचा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. मधुमेहाची काही औषधे, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्शुलिन, तुम्ही जेवला की नाही हे न पाहता साखर खाली आणतात. पिष्ट एकदम कमी केले आणि गोळी तीच ठेवली, तर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेताना पिष्ट फारच तोडले, तर रक्तात कीटोन साठून गंभीर अवस्था येऊ शकते. आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसल्याने ती लवकर ओळखू येत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने प्रथिने किती वाढवायची, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवायला हवे.

मी एका व्याख्यानाने भारावून दोन वेळच्या जेवणावर गेलो, तेव्हा गोळीचे कोणाला विचारले नव्हते. चूक माझीच. आठव्या दिवशी संध्याकाळच्या लोकलमध्ये भांडुप सोडल्यावर हात कापू लागले, शर्ट घामाने भिजला, समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना. शेजारच्या अनोळखी प्रवाशाने खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या काढून एकामागून एक तोंडात टाकायला लावल्या. मुलुंडला त्यानेच हात धरून उतरवले. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत साखरेची पुडी असते : तीन चमचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि बरे वाटले तरी त्यानंतर थोडे खाणे. आहारावरच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर हे असायला हवे, की आहार बदलण्याआधी औषधाचा डोस डॉक्टरांकडून बघून घ्या. मी चाळलेल्या पुस्तकांत ते असलेच, तर शेवटी, बारीक टायपात.

या सगळ्यावरून आहारसल्ल्याच्या लेखनाकडे काय मागायचे, ते सांगता येईल. त्याने ‘कमी’ म्हणताना आकडा आणि तुलना द्यावी. एक घास सोडायला सांगितला, तर त्याच्या जागेचा घास त्याच वाक्यात सांगावा, आणि तो डब्यात, उपवासात, शिधापत्रिकेवर टिकतो का ते तपासावे. ते कोण रांधणार आणि शेवटी कोण जेवणार, हे विचारावे. आणि वर्षभराने काय राहिले, त्याचाही हिशेब द्यावा.

यंदा आमच्याकडे फराळ होणार आहे. चकली एक, करंजी अर्धी, आणि तीही जेवणाच्या भाताऐवजी, जेवणानंतर नव्हे. भाऊबीजेला बहीण डोंबिवलीहून येते. तिलाही आता हा आजार आहे. वालाचे बिरडे करायचे ठरले आहे. वाल भिजवून, मोड आणून, एकेक करून सोलावे लागतात; तासभर मोडतो. या वर्षी ते सोलायला मी बसणार आहे, आणि दोघींची वाटी आधी भरून ठेवणार आहे.